सतरावा नंबर येऊनही चॅम्पियन्स लीग? हे गणित कुणीतरी नीट सांगा राजेहो

दर्यापूरचा_नऊ_नंबर | २७ मे २०२५

नमस्कार मंडळी. इंग्लंडची फुटबॉल लीग परवा आटोपली. टॉटनहॅम सतरावं. त्यांच्याखाली तीनच टीम, त्या तिन्ही खालच्या डिव्हिजनमध्ये उतरल्या. ३८ सामने, ३८ गुण, २२ पराभव. आणि हीच टीम पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात वरची स्पर्धा खेळणार, कारण तिच्या खालची युरोपा लीग जिंकली. तिकडे ॲस्टन व्हिला ६६ गुण घेऊन सहावी, ती बाहेर.

माझं मत साधं आहे. वर्षभर खेळून जो टेबल बनतो तो खरा. कपचा एक चांगला महिना आणि लीगचे दहा महिने एका तराजूत कसे घालता? जिंकलेल्याला ट्रॉफी द्या, पैसे द्या, पुन्हा युरोपा लीग द्या. वरच्या दाराची चावी कशाला?

आणि सोबत आणखी एक. आपल्या नागपूर-अमरावतीकडच्या क्लबला उद्या आशियात खेळायचं ठरलं तर वाट कुठून जाते? कोणाला पूर्ण रस्ता माहीत असेल तर लिहा.

खाटेवरचा_रेफरी

आधी ग्राउंडवरच्या बकऱ्या हाकला भाऊ, मंग आशिया पाहू.

गणितवाले_सर (हिंगणघाट)

नऊनंबर, तुमचा राग चुकीच्या माणसावर आहे. इंग्लंडला लीगमधून चार जागा असतात. त्या लिव्हरपूल, आर्सेनल, मँचेस्टर सिटी आणि चेल्सीला गेल्या. पाचवी जागा न्यूकॅसलला मिळाली ती वेगळ्या खात्यातून. ज्या दोन देशांच्या क्लबांनी त्या मोसमात युरोपात मिळून सर्वांत चांगली कामगिरी केली, त्यांना एकेक जागा जास्तीची. यंदा इंग्लंड आणि स्पेन, म्हणून इकडे न्यूकॅसल, तिकडे व्हिलारेआल. मागच्या वर्षी इटली आणि जर्मनी होते, म्हणून बोलोन्या आणि डॉर्टमुंड पाचवे येऊनही आत गेले.

सहावी जागा टॉटनहॅमची. ती युरोपा लीगच्या विजेत्याच्या नावानं राखूनच ठेवलेली असते, इंग्लंडच्या कोट्यातून ती कापत नाहीत. बिल्बाओत झालेल्या फायनलमध्ये टॉटनहॅम हरलं असतं तर ती जागा मँचेस्टर युनायटेडला गेली असती. व्हिलाच्या ताटात ती कधीच नव्हती. आणि युनायटेड कितवं आलं ते सांगू का?

ओल्ड_ट्रॅफर्ड_अचलपूर

सर, नका सांगू. पंधरावं. झालं समाधान?

अंगणात खाट टाकून रात्री अडीचपर्यंत जागलो त्या फायनलसाठी. बॉल धड कोणाच्या पायालाही नीट लागला नाही, घरंगळत गोलात गेला आणि ०-१. त्याच्यासाठी मच्छर चावून घेतले. सकाळी घरचे म्हणे, डोळे काऊन लाल? म्हटलं ऊन लागलं.

व्हिलाचा_एकुलता_एक (गोंदिया)

माझ्याबद्दल बोलून राहिले म्हणून आलो. हो, विदर्भात व्हिलाचा फॅन असतो. मी एकटाच असलो तरी असतो.

सर म्हणतात ते बरोबर आहे, टॉटनहॅमनं आमचं काही नेलं नाही. आमचं गेलं ते शेवटच्या दिवशी. न्यूकॅसल घरच्या मैदानावर एव्हर्टनकडून ०-१ हरलं होतं. आम्हाला युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर एक ड्रॉ पुरला असता. गोलकीपर मार्टिनेझला आधीच रेड कार्ड. दहा जणांत खेळताना ०-० असताना रॉजर्सनं त्यांच्या कीपरकडून बॉल काढून गोल मारला, पण रेफरीनं गोलच्या आधीच शिट्टी वाजवली होती. शिट्टी आधी वाजली म्हणून व्हीएआरलाही, म्हणजे व्हिडिओ रेफरीलाही, तपासता येईना. शेवटी ०-२. दोघांचे ६६-६६ गुण, गोलफरकावर न्यूकॅसल पाचवं.

त्यामुळे पात्रतेच्या नियमांवर माझा राग नाही. माझा राग शिट्टीवर आहे.

ओल्ड_ट्रॅफर्ड_अचलपूर

गोंदियावाले भाऊ, वर्षभरात आमच्याकडून एक काम नीट झालं तेही तुमच्याविरुद्ध. माफी असावी.

जुना_हाफबॅक_कामठी

पोरांनो, थोडं मागचं ऐका. "लीगचा टेबलच खरा" असं ही स्पर्धा सुरू झाली तेव्हापासूनच नव्हतं. १९५५ साली युरोपियन कप सुरू झाला तो 'लेकिप' या फ्रेंच वृत्तपत्राच्या पुढाकारानं. पहिल्या वर्षी कोणाला बोलवायचं तेही नाव आणि वजन पाहून ठरलं. इंग्लंडचा चॅम्पियन चेल्सी, त्याला त्याच्याच लीगनं भाग घेऊ नको म्हणून सांगितलं. स्कॉटलंडमधून हिबर्नियन गेलं, जे आपल्या लीगमध्ये पाचवं आलेलं होतं. ते पाचवे गडी थेट सेमीफायनलपर्यंत पोचले. म्हणजे पाचवा नंबर घेऊन युरोपात जायची रीत काही काल निघालेली नाही.

त्यानंतर मात्र बरीच वर्षं फक्त चॅम्पियन आणि मागचा विजेता एवढंच. १९९७ ला मोठ्या देशांचे दोन नंबरवाले घ्यायला लागले, दोन वर्षांनी काही देशांचे चार-चार. तेव्हा आमच्यासारखे म्हणत होते की "चॅम्पियन्स" हे नाव तरी बदला. कोणी ऐकलं नाही. टीव्हीचा पैसा बोलत होता.

दर्यापूरचा_नऊ_नंबर

काका, हिबर्नियनचं माहीत नव्हतं, मस्त. पण युरोपा लीगच्या विजेत्याला वरची जागा द्यायची रीत तर अगदी अलीकडची आहे ना? २०१५ मध्ये सेव्हिया जिंकली, ती स्पेनमध्ये पाचवी होती, तिथून सुरू झालं. त्याआधी यूएफा कप (युरोपा लीगचं जुनं नाव) जिंकणारे पुन्हा आपापल्या लीगमधूनच येत होते आणि कोणाचं काही अडलं नव्हतं. माझा मुद्दा तिथंच आहे.

आघाडीवर_चॅम्पियन (अकोला)

नऊनंबर भाऊ, मार्चमध्ये जामठ्याला रणजीची फायनल काय झाली होती? ड्रॉ. विदर्भ ३७९, केरळ ३४२. पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीवर आपण चॅम्पियन. तेव्हा तुम्ही म्हटलं का, की सामना जिंकला नाही तर ट्रॉफी वापस करा? गुलाल उधळून मोकळे झालो. स्पर्धेच्या आधी छापलेला नियम असला की त्याच्यात काही अन्याय नाही. टॉटनहॅमलाही ऑगस्टपासून माहीत होतं आणि व्हिलालाही.

खाटेवरचा_रेफरी

अकोल्यावाल्यानं कॉर्नरवरून सरळ गोल मारला.

दर्यापूरचा_नऊ_नंबर

रणजी काढली तर मी काय बोलू. तरी नियम आधी छापला म्हणून तो चांगला ठरत नाही, एवढं लिहून ठेवतो.

गणितवाले_सर

टॉटनहॅमची आणखी एक बाजू. २०१२ ला ते लीगमध्ये चौथे आले होते. चेल्सी सहावी. पण चेल्सीनं म्युनिकला चॅम्पियन्स लीग जिंकली आणि तेव्हाच्या नियमानं एका देशाचे चारच्या वर जाऊ शकत नव्हते. चौथ्या टॉटनहॅमला ढकललं युरोपा लीगमध्ये. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आज त्यांना शिव्या बसून राहिल्या, तिचा फटका त्यांनीही खाल्लेला आहे.

झाडीपट्टीचा_विंगर (देसाईगंज)

सर, ते जादा जागेचं मले काही समजलं नाही गा. आर्सेनलनं रियाल माद्रिदले हरवलं, आन् फायदा झाला न्यूकॅसलचा? दुसऱ्याच्या बैलानं आपली नांगरणी?

गणितवाले_सर

अगदी तसंच. युरोपातल्या तिन्ही स्पर्धा धरायच्या. विजयाला दोन गुण, ड्रॉला एक, पुढच्या फेऱ्यांत गेलं की वरून बोनस. एका देशाच्या सगळ्या क्लबांचे गुण एकत्र करायचे आणि जेवढे क्लब गेले तेवढ्यानं भागायचं. इंग्लंडचे यंदा सात गेले, म्हणून भागिले सात. एखादा क्लब लवकर घरी आला तरी भागाकारात तो राहतोच, म्हणून दुबळी टीम सगळ्या देशाला नडते. आर्सेनलनं रियालला घरी ३-० आणि तिकडे २-१ हरवलं, त्याचे गुण इंग्लंडच्या खात्यात. चेल्सी तिसऱ्या पायरीच्या कॉन्फरन्स लीगमध्ये लहान लहान क्लबांना झोडत होती, तेही त्याच खात्यात.

दर वर्षीचा असा भागाकार, पाच वर्षांची बेरीज, आणि त्यावरून कोणत्या देशाला किती जागा ते ठरतं. जादा दोन जागांना मात्र फक्त त्याच एका मोसमाचा आकडा चालतो.

झाडीपट्टीचा_विंगर

म्हंजे न्यूकॅसलच्या पोरायनं टॉटनहॅमसाठी टाळ्या वाजवाव्या लागन. बेक्कार आहे गा हे.

मोटर_चालू_आहे (नेर, यवतमाळ)

मी तं सगळ्यायसाठी टाळ्या वाजवतो. आमच्या फिडरची शेतीची लाइन हिवाळ्यात हप्त्यातले काही दिवस रात्रीचीच रायते. हरभऱ्याले पाणी द्यायले बारा वाजता वावरात जा लागते. मंगळवार-बुधवारचे चॅम्पियन्स लीगचे सामने दीड वाजता. मोबाइल बांधावर दगडाले टेकवायचा, एक डोळा बऱ्यावर, एक सामन्यावर. आटलांटा, ब्रूज, ब्रेस्ट, सगळे मले पाठ झाले. घरचे म्हन्ते पाण्याले जाते का सामना पाह्यले. म्हटलं दोन्हीची पात्रता रात्रीचीच हाय.

तर्री_ज्यादा

मोटरभाऊ, नेटवर्क कोणतं वापरता? आमच्याकडे घरात नाही भेटत, तुम्हाला वावरात?

मोटर_चालू_आहे

मचानीवर चढा लागते.

खाटेवरचा_रेफरी

नेरचे प्रेक्षक वरच्या स्टँडात बसते तर.

नकाशावाला (वरोरा)

लहान देशांचं बोला थोडं. लिश्टेनस्टाइन हा १६० चौरस किलोमीटरचा देश. आपला कोणताही तालुका घ्या, त्याच्यापेक्षा मोठाच निघेल. त्यांना स्वतःची लीगच नाही. त्यांचे क्लब स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये खेळतात. पण स्वतःचा कप आहे, तो जिंकणाऱ्याला युरोपच्या पात्रता फेरीची जागा. फाडुझ नावाचा क्लब असाच जातो आणि २०२२ मध्ये तो कॉन्फरन्स लीगच्या गटात पोचलाही होता. नऊनंबर म्हणतात तसं फक्त लीगचा टेबल पाहायचा म्हटलं, तर या देशाला दारच राहणार नाही. कप नावाची चीज एवढ्यासाठी पाहिजे.

आणि व्हिलारेआल हे गाव पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं. म्हणजे आमचं वरोरा. २०२१ ला त्यांनी युरोपा लीग जिंकली, फायनलमध्ये पेनल्टीवर ११-१० नं कोणाला हरवलं ते अचलपूरवाल्यांना विचारा.

ओल्ड_ट्रॅफर्ड_अचलपूर

हा धागा माझ्याच मागे काऊन लागला बाप्पा.

गणितवाले_सर | १ जून २०२५

काल चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये पॅरिसच्या पीएसजीनं इटलीच्या इंटरला ५-० चोपलं. पीएसजी फ्रान्सची चॅम्पियन आहेच, म्हणजे विजेत्याची राखीव जागा रिकामी. ती फ्रान्सच्या पुढच्या क्लबला जात नाही. पात्रता फेरीत अडकलेल्या देशोदेशीच्या चॅम्पियनांत ज्याचा युरोपातला हिशेब सगळ्यात भारी, त्याला ती मिळते. यंदा ग्रीसचं ऑलिंपियाकोस. एकही पात्रता सामना न खेळता थेट ३६ क्लबांच्या मुख्य स्पर्धेत.

फातोर्ड्यातला_पुलगावकर

नऊनंबरचा दुसरा प्रश्न सगळे विसरले वाटतं. नोकरीनं गोव्यात असतो म्हणून आपल्याकडचं लिहितो.

आशियात आता तीन मजले आहेत. वर एलिट, मध्ये चॅम्पियन्स लीग टू, खाली चॅलेंज लीग. आपल्याला एलिटचं दार सध्या नाही. आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीग, तिच्यात साखळीत पहिला येणारा, म्हणजे शिल्डवाला, तो थेट टूच्या गटात. लक्षात ठेवा, प्लेऑफ जिंकून कप घेणारा नाही, साखळीत पहिला येणारा. नऊनंबर, तुमच्या मनासारखा नियम आपल्याच देशात आहे! दुसरी जागा सुपर कप जिंकणाऱ्याला, पण त्याला आधी एक पात्रता सामना. यंदा मेच्या सुरुवातीला भुवनेश्वरला एफसी गोव्यानं जमशेदपूरला ३-० हरवून तो जिंकला.

हा पात्रता सामना किती घातक असतो ते ईस्ट बंगालला विचारा. २०२४ चा सुपर कप जिंकून गेले, कोलकात्यात तुर्कमेनिस्तानच्या अल्तिन असीरकडून २-३ हरले आणि घसरून चॅलेंज लीगमध्ये.

आपलं सगळ्यात मोठं यश माझ्या मते मुंबई सिटीचं, २०२२ चं. तेव्हा शिल्डवाल्याला सगळ्यात वरच्या स्पर्धेत जागा होती. रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ हरवलं. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय, आणि विजयी गोल आपल्या राहुल भेकेचा, हेडरनं. त्याच महिन्यात त्यांनाच परत १-० हरवलं. मात्र २०२३ ला गेले तेव्हा सहाच्या सहा सामने हरले.

दर्यापूरचा_नऊ_नंबर

शिल्डवाली गोष्ट वाचून कलेजा थंड झाला. आता नागपूरचं सांगा कोणीतरी.

मैदान_मोकळं_करा (शारीरिक शिक्षक, उमरेड तालुका)

मी सांगतो, पण उत्साह फार वाढवू नका.

पोरगं सुरुवात करतं शाळांच्या सुब्रतो कपपासून. तालुका, जिल्हा, विभाग, मग राज्य. तालुक्याला बऱ्याचदा चार शाळा येतात, त्यातल्या एकीजवळ बूट असतात. जिल्ह्याला नागपूर शहरातल्या आणि कामठीच्या शाळा भेटल्या की आमचा प्रवास संपला. पोरं चांगली असतात, पावसाळ्यात चिखलात पळून पळून दम दांडगा होतो. पण सराव सुरू होतो जूनमध्ये आणि तालुक्याचा सामना येतो लगेच. सोयाबीनच्या निंदणाला पोरगं घरी लागतं, त्या हप्त्यात माझे दोन्ही बॅक गायब.

पुढं क्लब. जिल्हा संघटनेची लीग, मग राज्याची स्पर्धा, तिथून राज्य संघटनेनं नाव पाठवलं तर आय-लीग ३. ती पार केली की आय-लीग २, मग आय-लीग, आणि ती जिंकली तर आयएसएलमध्ये बढती. पंजाब २०२३ ला असंच वर गेलं, मोहम्मेडन २०२४ ला. आयएसएलमध्ये पहिला नंबर आला की मग आशिया. कागदावर रस्ता आहे आणि सरळ आहे. पण प्रत्येक पायरीवर लायसन्स नावाचा माणूस उभा असतो. मैदान दाखवा, दिवे दाखवा, लहान वयोगटाच्या टीम दाखवा, कागदावरचा कोच दाखवा, ऑडिट केलेले हिशेब दाखवा. खेळून जिंकणं त्यातलं सोपं काम.

जुना_हाफबॅक_कामठी

मास्तर बरोबर बोलले. आमच्या कामठीत कॅन्टोन्मेंटमुळे फुटबॉल जुना. गोऱ्यांच्या पलटणींशी खेळलेल्या माणसांकडून आम्ही शिकलो. रब्बानी क्लबचं नाव आजही निघतं. तरी आमच्या पोरांना वर जायचं तर मुंबईच्या टीमचा दरवाजा वाजवावा लागतो. क्रिकेटमध्ये विदर्भ वेगळा आहे, रणजीत स्वतःची टीम आहे, म्हणून उमरेड-वाशिमच्या पोरालाही वाटतं की आपला नंबर लागेल. फुटबॉलमध्ये आपण महाराष्ट्राच्या एकाच टीममध्ये, राज्यांच्या संतोष ट्रॉफीला. वीस जणांत किती आपले?

आघाडीवर_चॅम्पियन

काका, हा धागा आता 'विदर्भ वेगळा' वर जाणार. यशवंत स्टेडियमवरून मोर्चा काढू. तसंही हिवाळी अधिवेशनात तिथून मोर्चेच निघतात, फुटबॉल नंतर.

मैदान_मोकळं_करा

मोर्चाला आलेल्यांना एकेक जाळी आणायला सांगा. आमच्या गोलपोस्टला नाही.

व्हिलाचा_एकुलता_एक | १३ ऑगस्ट २०२५

धागा वर काढतो. क्रिस्टल पॅलेसचं काय झालं पाहिलं का? एफए कपच्या फायनलमध्ये मँचेस्टर सिटीला १-० हरवून युरोपा लीगची जागा कमावली. ती काढून घेतली आणि खाली कॉन्फरन्स लीगमध्ये टाकलं. कारण त्यांच्या तेव्हाच्या मालकांतला एक जण फ्रान्सच्या लिऑनचाही मालक, आणि लिऑनही त्याच स्पर्धेत. क्रीडा लवादाकडेही अपील फेटाळलं. जागा गेली सातव्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला. लिऑन वर का राहिलं, तर ते लीगमध्ये सहावे आणि पॅलेस बारावे.

दर्यापूरचा_नऊ_नंबर

म्हणजे शेवटी लीगचा टेबलच पाहिला ना! मी काय म्हणत होतो!

मोटर_चालू_आहे

आमच्याइकडं पोळ्याच्या टायमाले टुर्नामेंट होते. एक साल एका शेटनं दोन टीमा उतरवल्या. एकीत गावचे पोट्टे, दुसरीत नागपूरवून आनलेले खेपेचे प्लेअर. सेमीफायनलले दोघी समोरासमोर. गावच्या गोलकीपरनं बॉल असा सोडला का जसं काई त्याले चटका बसला. पब्लिकनं खुर्च्या उचलल्या. पुढच्या साली कमिटीनं नियम काढला, एक शेट एक टीम. तं युरोपवाल्यायचं काई चुकलं नाई. पन पॅलेसच्या प्लेअरचा काय गुन्हा? त्याहीनं तं कप जिंकला होता नं.

खाटेवरचा_रेफरी

त्या सेमीफायनलचा रेफरी मीच. तेव्हापासून खाटेवर आहे.

फातोर्ड्यातला_पुलगावकर | २३ ऑक्टोबर २०२५

काल काळजावर दगड ठेवून सामना पाहून आलो. ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला २-१ हरवून एफसी गोवा गटात गेलं आणि गटात कोण, तर अल नस्र. म्हणजे रोनाल्डो फातोर्ड्यात येणार. तिकिटासाठी काय काय केलं ते लिहीत नाही. आणि तो आलाच नाही. टीम आली, तो नाही. अल नस्र २-१ जिंकलं. आपल्या ब्रायसन फर्नांडिसनं मस्त गोल मारला, तेवढं सुख.

२०२३ ला असंच झालं होतं. नेयमारचा अल हिलाल नवी मुंबईत आला आणि नेयमार गुडघा मोडून घरी.

झाडीपट्टीचा_विंगर

भारतात यायचं म्हटलं का मोठ्या प्लेअरायचा पाय दुखते गा.

गणितवाले_सर

आपले क्लबही कुठे जातात? मोहन बागान २०२४ ला तब्रीझला गेलं नाही, यंदा इस्फहानला गेलं नाही. दोन्ही वेळा सुरक्षेचं कारण आणि दोन्ही वेळा स्पर्धेतून बाद. वर्षभर खेळून शिल्ड मिळवायची आणि विमानात बसायचं नाही. काळजी खरी असेल, पण ती जागा वाया गेली हेही खरं. देशाच्या गुणांत त्याचा खड्डा पडतो तो वेगळाच, आणि तो भरायला लागतो पुढच्या क्लबला.

नकाशावाला

प्रवासावरून. यंदा चॅम्पियन्स लीगमध्ये कझाकस्तानचं कैरात अल्माटी आहे. पहिल्या पात्रता फेरीपासून चार फेऱ्या काढल्या, शेवटी सेल्टिकला पेनल्टीवर बाहेर काढलं. रियाल माद्रिदला त्यांच्याकडे सहा हजार किलोमीटरच्या वर उडून जावं लागलं, ५-० जिंकले ते सोडा. सरळ रेषेत मोजलं तर अल्माटी नागपूरहून अडीच हजारांच्या आसपास. देश २००२ ला आशिया सोडून युरोपच्या संघटनेत गेला म्हणून हे जमलं.

आघाडीवर_चॅम्पियन

विदर्भालाही युरोपात टाका मग. वेगळा तर वेगळा.

दर्यापूरचा_नऊ_नंबर | २९ जानेवारी २०२६

काल रात्री कोण कोण जागं होतं? चॅम्पियन्स लीगच्या साखळीचे शेवटचे अठरा सामने एकाच वेळी!

मोटर_चालू_आहे

मी होतो. गव्हाले पाणी. बेनफिकावाला पाहून रायलो होतो. रियालले ३-२ नं मागं टाकलं होतं त्याहीनं, पन चोविसाव्या नंबरासाठी, म्हंजे पुढच्या फेरीत जायले, अजून एक गोल लागत होता. ९८ व्या मिनिटाले फ्रीकिक आन् गोलकीपर ट्रुबिन पुढं. टोला मारला हेडरनं, ४-२! म्या अशी बोंब मारली का बाजूच्या वावरातला मानूस काठी घेऊन आला, त्याले वाटलं रानडुक्कर घुसलं.

गणितवाले_सर

बेनफिका आणि मार्सेय दोघांचे गुण सारखे, गोलफरकावर बेनफिका चोविसावं आणि मार्सेय घरी. पहिले आठ थेट शेवटच्या सोळात जातात, रियाल त्यातून घसरून नववं, म्हणजे त्यांना प्लेऑफचे दोन सामने जास्तीचे. गोलकीपरच्या एका हेडरनं बेनफिका आणि मार्सेय या दोन क्लबांचं वेळापत्रक बदललं.

व्हिलाचा_एकुलता_एक

आणि नऊनंबर, टेबलात वरून चौथं कोण आहे ते वाचलं का?

दर्यापूरचा_नऊ_नंबर

वाचलं. टॉटनहॅम. थेट शेवटच्या सोळात. आणि न्यूकॅसल, जे आमच्या नियमानं "खरं" पात्र होतं, ते बारावं, प्लेऑफला. तुम्ही सगळे काय लिहिणार ते मला माहीत आहे, तरी माझं मत तेच. चौथं येणं हे जागा देण्याच्या नंतरचं आहे.

आघाडीवर_चॅम्पियन

३७ धावांची आघाडी.

फातोर्ड्यातला_पुलगावकर

तिकडे पहिल्या आठात इंग्लंडचे पाच. इकडे आपली आयएसएल आता कुठे १४ फेब्रुवारीला सुरू होणार. १४ क्लब, एकमेकांशी एकदाच, एकूण ९१ सामने. म्हणजे प्रत्येकाला १३. आशियाची अट मोसमात २४ सामन्यांची, म्हणून फेडरेशनला सूट मागावी लागली. पात्रता कोणाची यावर आपण इथं मे महिन्यापासून भांडून राहिलो, आणि इकडे सामनेच मोजून पुरेना.

मैदान_मोकळं_करा

आमच्या तालुक्याच्या स्पर्धेत यंदा पाच शाळा आल्या. एक वाढली. आणि मोर्चावाल्यांनो, जाळी अजून आली नाही.

तर्री_ज्यादा

सर, मापं टाका. दोन पोस्टची बसते माझ्याकडून. आणि मोटरभाऊ, ते मचानीवरचं नेटवर्क कोणतं ते अजून सांगितलं नाही तुम्ही.